सतरा नंबरची खिडकी

आमच्या आत्याला तुम्ही पाहिलं नसेल, पण तिनं तुम्हाला कधी ना कधी ताटकळत नक्की ठेवलं आहे. बिलाची चौकशी करायला फोन केल्यावर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा" म्हणते ती बाई म्हणजे आमची आत्या. लिफ्टमध्ये "कृपया दरवाजापासून दूर राहा" म्हणते तीही तीच. दवाखान्याच्या रांगेत तुमचा नंबर पुकारते तीही तीच, आणि तुमचा नंबर गेला असेल तर दोष तुमचा, कारण तिचा शब्द न् शब्द ऐकू येतो. इमारतीत तिला सगळे कृपयाताई म्हणतात. तोंडावर म्हणतात. तिला चालतं.

तीस वर्षं हेच काम केल्यानं घरातही तिची तीच तऱ्हा. आधी घसा साफ करायचा, "ख्खं", मग अर्धा श्वास, मग वाक्य. "ख्खं. पोळ्या संपल्या आहेत. भात उपलब्ध आहे." माझे बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते कपाळाला हात लावतात. "ताई, घरात तरी माणसासारखं बोल."

"मी कशासारखं बोलतेय?"

"लिफ्टसारखं."

तिचा नियम एकच होता. कागदावर आहे ते वाचायचं. काना इकडे नाही, मात्रा तिकडे नाही. एकदा तिला एका मोठ्या इमारतीच्या सूचना वाचायला दिल्या होत्या आणि टाइप करणाऱ्यानं "आग लागल्यास लिफ्टचा वापर करावा" असं लिहून ठेवलं होतं. दुसरी कुणी असती तर "करू नये" म्हणून मोकळी झाली असती. आत्या थांबली. ऑफिसला फोन लावायला लावला आणि साहेबांच्या सहीनं दुरुस्त कागद येईपर्यंत दोन तास स्टुडिओत हाताची घडी घालून बसली. "आपण कोण बदलणारे?" असं ती म्हणते. "डोकं त्यांचं. आपण तोंड."

स्टुडिओ म्हणजे फडताळाएवढी खोली. भिंतींना स्पंज, पंखा बंद, समोर काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. आत्या आत जाताना घड्याळ काढते, कानातले काढते, खळीचे कपडे घालत नाही, कारण माइकला सगळं ऐकू येतं. उपाशीही जात नाही. पोट बोललं तर तेही रेकॉर्ड होतं. आणि वाचण्याआधी कागदावर पेन्सिलीनं खुणा करते. तिरकी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे मोठा थांबा, आणि जिथं श्वास न तोडता पुढे जायचं तिथं शब्दांच्या डोक्यावर बारीकसा बाण. तिचे कागद पाहिले तर मुंग्यांची वरात निघाल्यासारखं वाटतं.

तर अकरा वर्षांपूर्वी तिला परदेशातल्या एका राजवाड्याचं काम मिळालं होतं. तिथं आत शिरताना तुमच्या गळ्यात एक काळा डबा अडकवतात आणि कानाला लावायला स्पंजची फुलं देतात. तुम्ही नंबर दाबायचा आणि डबा तुमच्या भाषेत सांगतो की, समोर काय आहे नि पुढे कुठं वळायचं. आपल्या भाषेतल्या डब्यात आत्या आहे. बेचाळीस पानं तिनं चार दिवसांत वाचली. राजवाडा तिनं पाहिला नव्हता, पण आरशांच्या दालनात तीनशे बारा आरसे आहेत आणि राणीच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे तिला आपल्या घरातल्यासारखं पाठ.

सगळं ठीक चाललं होतं. मग आमच्या समोरच्या दारातले इंजिनिअरकाका-काकू तो राजवाडा पाहून आले.

इंजिनिअरकाकांचं वाक्य "टेक्निकली"शिवाय सुरू होत नाही आणि काकूंनी पुरं केल्याशिवाय संपत नाही. रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला फोटो दाखवायला बोलावलं. चारशे बारा फोटो. दोनशेव्याला आई डुलक्या घ्यायला लागली होती, तेवढ्यात काका आत्याकडे वळले.

"टेक्निकली, ताई, तुम्ही आम्हाला झाडूच्या खोलीवर नेऊन आपटलंत."

"म्हणजे?"

"सतरा नंबर. आरशांच्या दालनातून बाहेर पडल्यावर तुम्ही म्हणता उजवीकडे वळा. आम्ही वळलो. तर पुढे..."

"बंद दार," काकू म्हणाल्या. "आतून फिनेलचा वास. सगळं जग डावीकडे चाललेलं आणि आपलाच ग्रुप उजवीकडे."

आत्या उठली, घरी गेली आणि फाइल घेऊन आली. तिच्याकडे प्रत्येक कामाचा कागद जपलेला असतो. सतरा नंबर काढला. "ख्खं. आरशांच्या दालनातून बाहेर आल्यावर डावीकडे वळा आणि सरळ चालत राहा." तिनं फाइल काकांपुढे धरली. "डावीकडे."

"टेक्निकली कागदावर असेल. डब्यात उजवीकडे आहे."

"मी कागदावरचंच वाचते."

"ताई, माणूस आहे. जीभ घसरते."

"माझी नाही."

आता इथं काका हसले. हसायला नको होतं. आत्यानं फाइल मिटली आणि फलाटावर गाडी रद्द झाल्याची घोषणा करावी तशा आवाजात सांगितलं, "माझ्या आवाजात चूक निघाली, तर मी पुन्हा माइकसमोर बसणार नाही." या आवाजावर कुणाला हसता येत नाही. काकूंनी पुढचा फोटो लावला, तो कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एजन्सीला फोन केला. जुनी रेकॉर्डिंग्ज ऑफिस बदलताना गहाळ झालेली. जी काही आहेत ती राजवाड्यातल्या डब्यांत. आणि ते डबेही या हंगामानंतर मोडीत निघणार, नवे येणार. म्हणजे आत्या बरोबर की काका, हे सांगू शकेल अशी वस्तू जगात एकाच ठिकाणी उरली होती, आणि तीही थोडेच दिवस.

"एका शब्दासाठी एवढ्या लांब जाणार?" बाबांनी विचारलं.

"दोन शब्द असते तर गेले नसते. दोन चुका माझ्या हातून होणारच नाहीत."

माझ्या शाळेला सुट्टी होती, मला मोबाइलवरचे नकाशे कळतात आणि इंग्रजी जमेल तशी फेकता येते, म्हणून सोबत मी. तेव्हा त्या तापाच्या साथीच्या बातम्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या. आई म्हणाली, पुढे ढकला. आत्या म्हणाली, डबे पुढे ढकलत नाहीत.

विमानतळावर उतरलो तेव्हा साथ आमच्या आधी पोचलेली होती. सगळ्यांच्या तोंडाला पट्ट्या, जमिनीवर पिवळ्या रेघा, आणि एक माणूस प्रत्येकाच्या कपाळावर बंदुकीसारखं काहीतरी रोखून ताप बघत होता. आत्याची पाळी आली. त्यानं विचारलं, काही त्रास? आता आत्या घसा साफ केल्याशिवाय आपलं नावही सांगत नाही.

"ख्खं."

आमच्या मागची रांग चार पावलं मागे गेली. पुढची पुढे पळाली. इतकी मोकळी जागा मला विमानतळावर कधी मिळाली नव्हती. आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं, तीनदा ताप बघितला, घशात दिवा मारला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घसा उत्तम आहे. "असणारच," आत्या मला म्हणाली. "तीस वर्षं तेलपाणी केलंय. सांग त्यांना." मी नाही सांगितलं.

राहायची खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, एक टेबल आणि खिडकीखाली सायकली लावलेलं अंगण. घरमालकीण गोल चेहऱ्याची, कमरेला फवाऱ्याची बाटली. ती सगळं दोनदा बोलायची. "काही अडचण नाही, काही अडचण नाही." आणि हे म्हणाली की समजायचं, अडचण आली. पहिल्या सकाळी ती म्हणाली, "राजवाडा बंद झाला. आजपासूनच. काही अडचण नाही, काही अडचण नाही." आणि दाराची मूठ फवारून निघून गेली.

तरी आम्ही गेलो. फाटकाला बोर्ड आणि बोर्डापुढे गर्दी. मनोरा बंद, संग्रहालय बंद, नदीतली होडी बंद, म्हणून सगळे प्रवासी बंद बोर्डांचेच फोटो काढत हिंडत होते. काहींनी बोर्डाशेजारी हसत उभं राहून काढले. आत्या बोर्डापुढे बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं वाचतेय. पण तिला ती लिपी कुठं येते?

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून ध्वनिमुद्रित आवाज. एक बाई, त्यांच्या भाषेत, लाडीगोडीनं काहीतरी सांगत होती आणि मग वाजंत्री. पुन्हा बाई. पुन्हा वाजंत्री. तीस वर्षं लोकांना थांबवून ठेवणाऱ्या आमच्या आत्याला पहिल्यांदाच कुणी थांबवून ठेवलं होतं. मी गालातल्या गालात हसत होते. आत्या मात्र फोन कानाला लावून मन लावून ऐकत होती. चाळीस मिनिटांनी तिनं फोन ठेवला. "श्वास चांगला चोरते," म्हणाली. "पण वाक्याचा शेवट पाडते. दमलेली असावी."

दुपारी विमान कंपनीचा निरोप आला. आठवड्यानं असलेलं परतीचं विमान परवावर. त्यानंतर विमानंच नाहीत. घरमालकिणीनं आम्हाला सूप आणून दिलं आणि दारातच उभी राहिली. तिची आई वृद्धाश्रमात होती. आता भेटायला गेलं तर काचेच्या अलीकडून बघायचं, ऐकू काही येत नाही, नुसता हात हलवायचा. हे सांगताना ती एकदाही "अडचण नाही" म्हणाली नाही. आत्यानं तिला बसायला खुर्ची पुढे केली. ती बसली, पण खुर्ची आधी फवारून घेतली.

शेवटच्या दिवशी आत्यानं फाइल काखेत मारली. "आत नाही सोडत तर नाही सोडत. बाहेरचं तरी करू." म्हणजे काय, ते मला तिथं पोचल्यावर कळलं. पुढच्या फाटकावर आता पोलीस होते, म्हणून आम्ही भिंतीच्या कडेनं मागच्या फाटकाशी गेलो. जाळीचं फाटक. आत पाचोळा पडलेला आणि एक पिकल्या मिशांचा पहारेकरी तो झाडत होता, कारण आता पहारा द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. आत्यानं फाइल उघडली, एक नंबर काढला आणि जाळीतून राजवाड्याकडे बघत स्टुडिओतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"ख्खं. स्वागत. आपण आता राजवाड्यासमोर उभे आहात. वर पाहा. छतावर चौदा पुतळे आहेत."

मी वर पाहिलं. चौदाच होते. आत्यानंही मोजले, आणि पानाच्या कडेला पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. असं तिनं चार नंबरपर्यंत वाचलं. पुढचं सगळं आतलं होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की झाडूचा आवाज थांबलाय. पहारेकरी जाळीपाशी आला होता, जमिनीवरच्या पिवळ्या रेघेपर्यंत. त्याच्याकडे माझ्याहून मोडकी इंग्रजी होती. त्यानं आत्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि मग मान जराशी वाकडी करून म्हणाला,

"उद्वीकदे वला."

उच्चाराचं पार भरीत. पण चाल आत्याची. "वळा"वर आत्याचा आवाज किंचित वर जातो, जिना चढताना शेवटच्या पायरीवर पाऊल टाकावं तसा. तो तसाच्या तसा वर गेला. आणि हे म्हणताना त्यानं उजवा हात उजवीकडे केला होता.

"पुन्हा म्हणायला सांग," आत्या म्हणाली.

तो पुन्हा म्हणाला. हातासकट.

मग तो बोलत सुटला आणि मी जमेल तसं आत्याला सांगत गेले. अकरा वर्षं त्याची खुर्ची आरशांच्या दालनाबाहेर उजव्या हाताला आहे. जुन्या डब्यांच्या स्पंजातून आवाज गळतो. रोज तीच बाई, तेच वाक्य, ते त्याला पाठ झालं. सगळ्या देशांची माणसं डावीकडे जातात. फक्त एका भाषेची माणसं त्याच्याकडे येतात. बंद दारासमोर उभी राहतात आणि त्याच्याकडे बघतात. तिथं भिंतीत एक अरुंद खिडकी आहे. पहिल्या ग्रुपला तो काय दाखवणार? त्यानं खिडकी दाखवली. तेव्हापासून सगळ्यांना दाखवतो. म्हातारी माणसं त्याच्या खुर्चीवर टेकतात, कुणी गोळ्या देतं, एका बाईनं तर त्याला मोजे विणून पाठवले.

"तो म्हणतो," मी सांगितलं, "की ही खिडकी कुठल्याच देशाच्या पुस्तकात नाही. फक्त आपल्या लोकांना कुणीतरी मुद्दाम सांगितलंय. तो विचारतोय, तुमच्याकडे कुणाला माहीत होती?"

आत्यानं फाइलमध्ये बघितलं. मीही वाकून बघितलं. सतरा नंबर. छापलेलं होतं "डावीकडे वळा आणि सरळ चालत राहा," आणि त्याच्या डोक्यावर, एका श्वासात म्हणायचं म्हणून, तिनं स्वतः पेन्सिलीनं काढलेला बारीक बाण. टोक उजवीकडे. अकरा वर्षांपूर्वी त्या फडताळात तिच्या डोळ्यांनी शब्द वाचला होता आणि तोंडानं बाण.

आत्यानं त्या बाणावरून बोट फिरवलं. खोटं बोलणं आत्याला जमत नाही. शेजारणीनं नवा पडदा कसा दिसतो विचारलं तर ती "आखूड" म्हणते. मला वाटलं, आता ही म्हणणार, सांग त्यांना, चूक झाली होती. मी इंग्रजीत वाक्य जुळवायलाही घेतलं.

"ख्खं," आत्या म्हणाली. पहारेकरी मागे सरला नाही. "विचार त्यांना, खिडकीतून काय दिसतं."

मी विचारलं. त्यानं झाडू भिंतीला टेकवला आणि दोन्ही हातांनी दाखवलं. पुढून राजवाड्याला बाग आहे, ती सगळे बघतात. मागून नदीचं वळण. तिथं होड्या दुरुस्त करतात, उलट्या घालून ठेवतात, आणि दुपारी त्यांच्या ओल्या डांबरावर ऊन पडलं की सगळा काठ चमकतो. मांजरं असतात. मग तो म्हणाला, आता नवे डबे येणार. त्यांच्यातून आवाज गळत नाही म्हणतात. नव्या डब्यातही याच बाई आहेत का?

"सांग, माहीत नाही," आत्या म्हणाली. ते खरंच होतं.

परत आल्यावर चौदा दिवस आम्हा दोघींना आत्याच्या खोलीत कोंडलं. आई ताट दाराबाहेर ठेवून टकटक करायची आणि पळायची. तिसऱ्या दिवशी आत्यानं खिडकी उघडली. समोरच्या गॅलरीत काका झाडांना पाणी घालत होते.

"ख्खं. चूक माझी होती. उजवीकडेच म्हटलंय मी."

सगळ्या इमारतीनं ऐकलं. आत्याचं कुजबुजणंही पहिल्या मजल्यापर्यंत जातं.

काकांची झारी कुंडीवरून बाजूला गेली. "सोडा हो, ताई. टेक्निकली..."

"सोडणार नाही. शब्द दिलाय. माइक बंद."

"अहो, पण तिथली ती खिडकी," आतून काकू आल्या, "चारशे बारा फोटोंतला तोच एक आम्ही भिंतीवर लावलाय. होड्यांचा. त्या मिशीवाल्यांनी यांना खुर्ची दिली, यांचा गुडघा धरला होता ना."

"मग तुम्ही झाडूची खोलीच तेवढी सांगितलीत," आत्या म्हणाली.

काकांनी झाडाकडे लक्ष दिलं.

आठव्या दिवशी एजन्सीचा फोन. राजवाड्याचे नवे डबे, सगळं पुन्हा वाचायचंय, स्टुडिओ बंद आहेत पण घरून चालेल. आत्या नाही म्हणाली. हरकत नाही, एजन्सीवाला म्हणाला, एक नवीन मुलगी आहे, स्वच्छ वाचते, कागदाबाहेर जात नाही. आत्यानं फोन ठेवला. मग ती कपाटाशी जाऊन उगाच कपडे सारखे करत राहिली. स्वच्छ वाचणारी मुलगी "डावीकडे" म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार. खुर्ची तिथंच राहील, पण तिच्याकडे कुणी वळणार नाही. हे ती बोलली नाही, पण कपडे तिनं तीनदा सारखे केले.

"फोन लाव," शेवटी म्हणाली.

"आणि शब्द?"

"मोडते. काकांना सांगते मी." आणि खिडकीतून सांगितलंही. काका म्हणाले, "शब्दाला जागला नाहीत, ताई." आत्या म्हणाली, "नाही जागले."

कपाटातच स्टुडिओ केला. तीन बाजूंना रजया, मध्ये स्टूल, वर टांगलेले कोट, आणि मोबाइल माझ्या हातात. फोनवर रेकॉर्डिस्ट, तोही आपल्या घरी. आत्यानं या वेळी बाण काढले नाहीत. शब्दांखाली रेघ मारायची नवी पद्धत काढली. एकापासून सोळापर्यंत न अडखळता झालं. मग सतरा.

"ख्खं. आरशांच्या दालनातून बाहेर आल्यावर डावीकडे वळा आणि सरळ चालत राहा." थांबा. दोन रेघांचा. "मात्र त्याआधी उजवीकडे पाहा. तिथं एक अरुंद खिडकी आहे. शेजारच्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ आपल्याला ती दाखवतील."

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला.

"मॅडम," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "हे कागदावर नाहीये."

आत्यानं माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, गुडघ्यावर कागद ठेवला आणि छापलेल्या ओळीखाली ती तिन्ही वाक्यं सुवाच्य अक्षरात लिहून काढली. पूर्णविरामांसकट. वर राहा-पाहाचे काने तपासले.

"आता आहे," ती म्हणाली. "घ्या पुढे. अठरा."